जानेवारीतले बुडालेले तास

जानेवारी आला की माझं डोकं उठायचं. 3 तारखेला सावित्रीबाईंची जयंती, 12ला जिजाऊ आणि विवेकानंद एकाच दिवशी, मग 26. त्यातून आमचा बुलढाणा जिल्हा. जिजाऊंचं सिंदखेड राजा आमचंच, आणि मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात विवेकानंद जन्मोत्सव होतो तो तारखेनं नाही, तिथीनं. म्हणजे पोरं पुन्हा एकदा वर्गातून गायब. दहावीची परीक्षा मार्चवर आलेली आणि भूमितीची निम्मी प्रमेयं बाकी. शाळेतल्या परिपाठ-उत्सवांचा वेळ मी सरळ खर्चात धरायचो आणि स्टाफरूममध्ये तसं बोलूनही दाखवायचो.

माझं मत बदललं ते टाळेबंदीनंतर. मार्च 2020मध्ये शाळा बंद झाल्या. पुढे त्या नीट भरायला लागल्या तेव्हा मुलांचा अभ्यास मागे पडला होता, त्याची तयारी होती. पण झेंडावंदनाच्या सरावाला वेगळीच पंचाईत झाली. फुलं घालून झेंडा असा बांधायचा की एका झटक्यात गाठ सुटावी, हे कोणालाच येईना. आम्ही मास्तरांनी बांधला, तर तो वर जाऊन अडकून बसला. कारण हे आम्ही कधी शिकवलंच नव्हतं. दहावीचा पोरगा नववीच्याला दाखवायचा, नववीचा आठवीच्याला. ज्यांना येत होतं ते मधल्या काळात शाळा सोडून गेले होते. परिपाठात कोण कुठे उभं राहतं, लहानग्याला रांगेत कोण आणतं, हेही असंच हरवलं होतं. आमच्या शाळेत आमच्याशिवाय चालणारी एक शाळा होती, आणि ती बंद पडल्यावरच मला दिसली.

त्यानंतर हिवऱ्याच्या जन्मोत्सवातली पंगत मी वेगळ्या नजरेनं पाहिली. शेतात लांबच लांब रांगा, लाखावर माणूस, मधून पुरी आणि वांग्याच्या भाजीचे ट्रॅक्टर फिरतात. आधी मला त्यात फक्त गर्दी दिसायची. आता मी वाढणाऱ्यांचे हात बघत होतो. मोठा पोरगा पुढे, धाकटा मागे. धाकट्याला कोणी काही सांगत नव्हतं. आमच्याच वर्गातला एक जण भेटला. म्हणाला, "सर, मागच्या साली पुऱ्या होत्या, औंदा भाजीची बादली माह्याकडं." बढतीच म्हणायची! आश्रम उभा करणारे शुकदास महाराज 2017 साली गेले, त्यानंतरही पंगत बसते आहे. रीत एका माणसाच्या डोक्यात असती तर ते जमलं नसतं.

आणखी एक समज गेला. परंपरा म्हटलं की ती आजोबा-पणजोबांची, असं मला वाटे. पण रोज सकाळी म्हणतो ती प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत लिहिली ती 1962 साली. शांतिनिकेतनातला वृक्षारोपणाचा उत्सव टागोरांनी 1928मध्ये सुरू केला. कोणीतरी पहिल्या वर्षी सुरुवात केली, दुसऱ्या वर्षीही केली, एवढंच.

सगळ्याच कार्यक्रमांना मी आता मान डोलावतो असं नाही. पाहुणे तासभर उशिरा, पोरं उन्हात, मग सत्कार, मग पाऊण तासाचं भाषण, यातून एका मुलाकडून दुसऱ्याकडे काहीच जात नाही. तो वेळ मी अजूनही खर्चातच धरतो. शिवाय रीत चांगल्याबरोबर वाईटही पुढे नेते. आमच्याकडे रांगोळी कायम मुलींकडे आणि माईक मुलांकडे. कोणी ठरवलं विचाराल तर कोणीच नाही. यंदा मी चिठ्ठ्या टाकायला लावल्या. सूत्रसंचालन सातवीतल्या एका मुलीला आलं, रांगोळी नववीच्या दोन दांडग्यांना. रांगोळी वाईट झाली. मुख्याध्यापकांना पाहुण्यांपुढे ओशाळल्यासारखं झालं, आणि पुढच्या वर्षी चिठ्ठ्या नकोत असं त्यांचं म्हणणं आहे. माझं म्हणणं, त्या दोघांनी आठवीतल्या कोणाला तरी आतापासूनच हाताशी घ्यावं.