बिनबर्फाचा हिवाळा

वसईकडच्या वटारच्या वाडीत थंडी पहिल्यांदा दिसते ती बावखलावर, म्हणजे वाडीतल्या तळ्यावर. रात्रीतून हवा गार होते, पाणी मात्र दिवसाची ऊब धरून बसतं, आणि पहाटे त्याच्यावर वाफेचा पातळ पदर तरंगायला लागतो. निर्मळची कार्तिकी जत्रा तेव्हा नुकतीच आटोपलेली असते. आजी गोधड्या उन्हात टाकते. आणि चाळिशीला टेकलेल्या सात जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर, वर्षभर साचलेल्या सुप्रभातच्या फुलांखालून, एक प्रश्न डोकं वर काढतो : "रविवारी कुठं?"

ही मंडळी एका शाळेत शिकली, एकाच बावखलात पोहायला शिकली. आता एक जण चर्चगेटला बँकेत आहे, दुसरा कॉलेजात शिकवतो, तिसऱ्याची फुलं पहाटेच्या लोकलने दादरला जातात. एरवी त्यांची भेट लग्नात, मयतीला, नाहीतर नालासोपाऱ्याच्या फलाटावर. फलाटावरची भेट तर गाडी येईपर्यंतचीच. नंतर प्रत्येक जण आपापल्या दारात लोंबकळतो. त्यांची मैत्री म्हणजे वालाच्या शेंगांसारखं हंगामी पीक. नोव्हेंबर सरताना धरतं, फेब्रुवारीच्या मध्याला ऊन चढलं की वाळतं. किनाऱ्याच्या वाट्याला थंडी येते तीच मुळात चिमूटभर. मुंबईत सांताक्रूझला नोंदला गेलेला नीचांक ७.४ अंश सेल्सिअस, आणि तोही २२ जानेवारी १९६२ चा. पारा अठरावर आला की वसईकर कानटोपी काढतो, आणि त्याची त्याला जराही लाज वाटत नाही.

या चिमूटभर थंडीत जमेल तेवढं सगळं उरकायचं असतं. २०११ पासून वसई-विरारची मॅरेथॉन साधारण याच दिवसांत होते. रस्त्याच्या कडेला उभं राहून ओळखीच्या माणसाला धापा टाकताना बघणं हाही तिथला एक खेळच. अर्नाळ्याच्या किल्ल्यावर होडीने जायचं, कळंबच्या सुरूंखाली सायकली आडव्या टाकायच्या. पण टोळीचा खरा जीव गडांवर. महामार्गाला लागलं की सकवारहून टकमक, वाघोट्याहून कोहोज, खोडकोन्याहून अशेरी, सफाळ्याच्या बाजूला तांदुळवाडी, आणि अगदी उंबऱ्याशी, देवकुंडीच्या डोक्यावर कामणदुर्ग. यातल्या कुठल्याही गडावर सकाळी निघून संध्याकाळच्या चहाला घरी पोहोचता येतं. बायकामुलांना हिशेब द्यावा लागणाऱ्या वयात ही मोठीच सोय.

पावसाळ्यातली भटकंती फोटोत छान दिसते, पण सह्याद्री चढायचा तर हिवाळ्यात. कातळ कोरडा असतो, बूट धरतो. टाक्यांतलं पाणी अजून आटलेलं नसतं. उन्हाला धार नसते. खोट एकच : वाळलेलं गवत. उतारावर ते बोटभर बारीक खड्यांच्या घसाऱ्यावर झोपलेलं असतं, आणि त्याच्यावर पाय पडला की माणूस थेट बुडावर येतो. अशेरी उतरताना या टोळीतल्या प्रत्येकाने निदान एक पँट तरी फाडलेली आहे.

अशेरीवर त्यांचा लोभ अंमळ जास्तच. खाली रान, वर खिंड, मग हाताला काम देणारा कातळटप्पा, आणि तो संपताच वाटेत पडलेला पोर्तुगीजांचा मुकुट कोरलेला दगड. एवढ्या आडरानात पोर्तुगालचं राजचिन्ह कशाला, याचं उत्तर भोवतालच्या रानातच आहे. इथला साग जहाजांसाठी लागायचा. वसईच्या कोटातून जो समुद्र दिसतो, त्याच्यावर तरंगणारी लाकडं या डोंगरांच्या कुशीत वाढलेली. वरच्या पठारावर टाकी आहेत, कोरलेली गुहा आहे. गुहेत बसून ही मंडळी सुकेळी सोडतात. राजेळी केळ्याची ती वाळवलेली, मधाच्या रंगाची, पानात बांधलेली पुडी. बाजारात चकचकीत वेष्टनातले एनर्जी बार आले, त्याच्या कितीतरी आधी या मुलखाने ते काम केळ्यावर सोपवलं होतं.

आणि सगळी वाट बोलणं. बोलिंजच्या जागेचे भाव, कोणाच्या सासऱ्याची बायपास, बुजवलेली बावखलं, शाळेतल्या मास्तरांची नक्कल. धाप लागली तरी तोंड बंद नाही. मागे पडलेल्याला वाट सापडते ती पुढच्यांच्या आवाजावरून.

बर्फाशी या पिढीची पहिली ओळख झाली ती गोराईला. १९८९ मध्ये सुरू झालेल्या एस्सेलवर्ल्डमध्ये बर्फावर स्केटिंग करायची सोय होती. शाळेच्या सहलीत पोरं तिथे कठड्याला धरून उभी राहायची, आणि बाहेर पडल्यावर दमट उन्हात भिजलेले मोजे पिळायची. महाराष्ट्रात त्याहून खरा बर्फ हवा असेल तर एखाद्या कडाक्याच्या पहाटे महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर जावं. बोटीच्या धक्क्यावर दव गोठून पांढरा चुरा होतो, लोक तो बोटाने खरवडून फोटो काढतात, आणि ऊन आलं की खेळ खलास.

तरी बर्फाची ओढ इथे जुनी आहे. मुंबईची गिरिविहार ही गिर्यारोहण संस्था १९५४ सालची. १८ मे १९९८ रोजी सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले, तिथे पोहोचणारे ते पहिले महाराष्ट्रीय. २०१२ मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे आठ जण एव्हरेस्टवर गेले, आणि २०१९ मध्ये कांचनजुंगाच्या एकाच मोहिमेत दहा जणांनी शिखर गाठलं. हे सगळे गिर्यारोहक घडले तापलेल्या, काळ्या, कोरड्या कातळावर. यातला दहाचा आकडा वटारच्या टोळीला सगळ्यात जास्त भावतो. एकटा वर गेला तर बातमी होते. दहा जण गेले म्हणजे वाटेत कितीदा कोण कोणासाठी थांबलं असेल, याचा हिशेब करत बसता येतं.

दोन वर्षांपूर्वी टोळी हिमालयात केदारकंठाला गेली. मुहूर्त काढला फूलवाल्याने. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना फुलांना भाव असतो, तेव्हा वाडी सोडणं म्हणजे घरच्या लक्ष्मीला पाठ दाखवणं. म्हणून जानेवारीचा शेवट. डेहराडूनहून दिवसभराच्या वळणांनंतर सांकरी, तिथून गोठलेला जुडा का तालाब, आणि शिखर सुमारे १२,५०० फुटांवर. शाळेत पाठ केलेला भूगोल तिथे अंगावर येतो. दर किलोमीटर उंचीला साडेसहा अंश, म्हणजे समुद्रकाठच्या माणसाच्या हिशेबात थेट पंचवीस अंशांची उतरण. हवेचा दाब घरच्यापेक्षा तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्तच कमी. पाणी नव्वदीच्या आतच उकळतं, त्यामुळे चहा पटकन होतो, पटकन निवतो, आणि कुकर नसेल तर डाळ काही केल्या शिजत नाही.

पण सगळ्यांना चकवलं ते शांततेने. शिखरासाठी रात्री तीनच्या सुमाराला निघाले, बुटांना लोखंडी दात्यांचे पट्टे, कपाळाला दिवे. पहिल्या अर्ध्या तासात मास्तरांची नक्कल थांबली, मग बायपास थांबली, शेवटी जागेचे भावही थांबले. उरला तो करकर वाजणारा बर्फ. सह्याद्रीत आवाजाने बांधलेली माळ इथे तुटली. मागे वळावं तर सहा दिवे, सगळे सारखेच. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की डावा पाय जरा फेकत येणारा दिवा बँकवाल्याचा. नववीत फुटबॉल खेळताना त्याचा गुडघा गेला होता. दर वीस पावलांनी थांबणारा कॉलेजवाला. डुलत येणारा फूलवाला. तीस वर्षं एकमेकांना बघूनही कोण कसं चालतं, हे त्यांनी कधी शब्दांत धरलं नव्हतं. अंधारात सगळ्यांना ते आधीपासून माहीत होतं असं निघालं.

शिखराच्या खाली तासभर असताना कॉलेजवाल्याचं डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली. उंचीच्या आजारावर पहिला उपाय खाली उतरणं. वाटाड्याने तेच सांगितलं, आणि आपल्या मदतनिसाला त्याच्यासोबत दिलं. कोणी काही बोलायच्या आत बँकवाल्याने आपली काठी उतारावर रोवली होती. शिखरावरच्या फोटोत पाचच जण आहेत. फूलवाला तो फोटो कोणाला दाखवत नाही. विचारलं तर म्हणतो, "उजेड बरोबर नव्हता."

टोळीतल्या एकाला मात्र बर्फाची चटकच लागली. पुढच्या हिवाळ्यात तो मनालीजवळ सोलंगच्या उतारावर स्की शिकायला एकटाच गेला. पहिला धडा पडण्याचा, दुसरा थांबण्याचा. थांबण्यासाठी दोन्ही पट्ट्यांची पुढची टोकं आत वळवून पायांनी पाचरीसारखा आकार करायचा, त्याला 'स्नो प्लाऊ' म्हणतात. बर्फाचा नांगर, हे त्याने परतल्यावर सांगितलं तेव्हा फूलवाल्याच्या वडिलांनी अडकित्ता खाली ठेवला. नांगर चालवायला शिकतात, नांगर धरून थांबायला कोण शिकतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यावर भारताने हिवाळी ऑलिम्पिकला पहिला खेळाडू धाडला तो १९६४ मध्ये, असं स्कीवाला सांगायला लागला, पण ऐकायला कोणी नव्हतं. उकडहंडी उतरवायची वेळ झाली होती.

मडकं निखाऱ्यांतून बाहेर निघालं. तोंडावरचा पाला काढताच वालाच्या शेंगा, कोनफळ, रताळी, वांगी यांची एकत्र वाफ वाडीभर झाली. यंदाचा वाद तिथेच पेटला. स्कीवाल्याला सगळ्यांनी सोलंगला यायला हवं. कॉलेजवाला उंचीचं नाव काढत नाही, पण त्याने नवे बूट घेतले आहेत, आणि ते तांदुळवाडीसाठी घेतले असं तो म्हणतो. बँकवाल्याच्या गुडघ्याला डॉक्टरांनी उतार वर्ज्य केलेत. चढाचं त्याने विचारलेलंच नाही. फूलवाल्याने बोटांवर मार्गशीर्षाचे गुरुवार मोजले, पुढची लग्नं मोजली, आणि पहिल्या मोकळ्या रविवारी कोहोज, असं ठरवून टाकलं. सहाची गाडी. डबे कोणी आणायचे यावर अजून भांडण चालू आहे.