जुने नट

वडिलांमागे त्यांची मोटरसायकल आमच्याकडे आली आणि तिच्यासोबत जुन्या नटबोल्टांचा एक पत्र्याचा डबाही. १९७२ साली बाजारात आलेली लूना ज्या नगरात तयार होत असे, त्या शहरात घरोघरी पाने असतात. आमच्या घरीही होते.

गेल्या रविवारी अंगणात मागचे चाक उतरवले. स्प्रॉकेटचे दात झिजून आकड्यासारखे वाकले होते. साखळीसह नवे स्प्रॉकेट आणलेच होते. प्रश्न होता नटांखालच्या लॉकपट्ट्यांचा. त्यांचे कान नटावर वाकवले की नट सैल होत नाही. परंतु सरळ करून पुन्हा वाकवलेला पत्रा दुमडीवर तडकतो. वडील त्याच पट्ट्या पुनःपुन्हा वापरीत. दोहोंवर बारीक चीर दिसली.

त्यांच्या काटकसरीचे आम्ही आजवर कौतुकच करीत आलो. पण याच गाडीवरून आता मुलगी मनमाड रस्त्याने राहुरीच्या कृषी विद्यापीठात जाते. नट सुटले, साखळी उतरली, चाक अडकले, तर?

नव्या पट्ट्या, नवे नट आणले. समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले. डबा मात्र टाकवला नाही. त्यावर चिठ्ठी लावली : ‘वापरू नये.’ अक्षर वडिलांसारखेच आले.