दोन आसनांची गाडी

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसानें दोनच आसनांची मोटार विकत घ्यावी, हें कोणासहि चमत्कारिकच वाटेल. ज्या घरांत एका रिक्षांत पांच माणसें कोंबून सारसबागेस जाण्याचा प्रघात, त्या घरच्या मुलानें इंग्लंडांत रेडिंग येथें बिऱ्हाड थाटावें आणि १९७२ सालीं बनलेली, जुनी, उघडी एम्. जी. बी. गाडी दाराशीं आणून उभी करावी, यास हौस म्हणावें कीं खूळ, हें वाचकांनींच ठरवावें. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या मातोश्री पुण्याहून आल्या असतां त्यांस घेऊन आम्हीं या गाडीच्या जन्मगांवापर्यंत एक दिवसाचा प्रवास केला. त्याचीच ही हकीकत आहे.

जुनी गाडी सुरू करणें हें सोवळ्यांतल्या स्वयंपाकासारखें आहे. क्रम चुकून चालत नाहीं. आधीं तेल व पाणी पाहावयाचें, मग चोकची खुंटी ओढावयाची, किल्ली फिरवावयाची, आणि एंजिनाचा खोकला थांबेपर्यंत धीर धरावयाचा. पेट्रोल व हवा यांचें मिश्रण करणारे कार्ब्युरेटर या गाडीस दोन आहेत. ते जुळ्या भावांसारखे. एकास अंमळ अधिक मिळालें कीं घरांत धुसफूस सुरू. त्यांची वांटणी सारखी करून देण्यांत आमचे कित्येक रविवार गेले आहेत. सौ. आणि मुलें नेहमींच्या गाडींतून मागून निघालीं. त्यांच्यासोबत जेवणाचे डबे होते, आणि अनुभवानें आलेल्या शहाणपणामुळें हत्यारांची पेटीहि होती.

पँगबोर्न, स्ट्रीटली, वॉलिंगफर्ड अशीं गांवें घेत हा रस्ता बराचसा टेम्स नदीच्या सोबतीनें जातो. गाडीची बैठक इतकी खालीं, कीं ताशीं पन्नास मैलांचा वेगहि ऐंशीसारखा भासतो. कापलेल्या गवताचा वास, कुंपणावरच्या पांखरांचा आवाज, पुलाखालचा गारवा, हें सर्व बंद गाडींत कांचेबाहेरच राहतें. येथें तें अंगावर येतें. मातोश्रींनीं डोक्यावरून पदर घेऊन तो कानाशीं घट्ट धरला होता. थोड्या वेळानें त्या म्हणाल्या, "टांग्यांत पुढें बसल्यासारखें वाटतें रे!" एवढी योग्य उपमा आम्हांस इतक्या वर्षांत सुचली नव्हती.

अ‍ॅबिंग्डन हें टेम्सकांठचें जुनें बाजाराचें गांव. ऑक्सफर्डच्या विल्यम मॉरिस यांच्या 'मॉरिस गॅरेजेस' या पेढीचीं आद्याक्षरें म्हणजे एम्. जी. तेथील व्यवस्थापक सेसिल किंबर यांनीं मॉरिसच्या साध्या गाड्यांवर हलकें, देखणें अंग चढवून वेगाची हौस मध्यम वर्गाच्या आटोक्यांत आणली. १९२९ सालीं त्यांचा कारखाना या गांवीं आला, आणि १९८० च्या ऑक्टोबरांत बंद झाला. एम्. जी. बी. १९६२ पासून शेवटपर्यंत येथेंच बनली. पांच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या, आणि त्यांतल्या बहुतेक परदेशीं गेल्या. कारखान्याच्या जागेवर आतां दुसऱ्या इमारती आहेत.

गांवच्या चौकांतील दगडी कौंटी हॉल १६७८ ते १६८२ या काळांत बांधला गेला. राजघराण्यांत मंगल प्रसंग असला कीं त्याच्या गच्चीवरून खालच्या गर्दींत गोड पाव फेकण्याची येथें चाल आहे. "म्हणजे आपलें बोरनहाणच कीं!" असें म्हणून मातोश्रींनीं त्या चालीस मान्यता दिली. आंतील संग्रहालयांत कारखान्याच्या अखेरच्या काळांतील एक एम्. जी. बी. ठेवली आहे. तिच्याकडे निरखून पाहत मातोश्रींनीं विचारलें, "ही इतकी कोरी. मग तुझ्या गाडीला दाराखालीं एवढीं ठिगळें कां?"

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र साधें नव्हतें. वेळ मारून नेण्यासाठीं आम्हीं त्यांस गाडीचा जमाखर्च सांगितला. चाळीस वर्षांवरील गाडीस येथें रस्त्याचा कर पडत नाहीं. २०१८ पासून वार्षिक तपासणीचीहि बहुधा सक्ती नाहीं. सुटे भाग अजून मिळतात. उलट, २०२१ पासून साध्या पेट्रोलांत दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, तें जुन्या रबरी नळ्यांस बाधतें, म्हणून महागडें पेट्रोल घ्यावें लागतें. ही झाली जमा आणि किरकोळ खर्च. खरा खर्च आम्हीं सांगितलाच नाहीं.

जेवण उरकून वाँटेजवरून आम्ही अफिंग्टनच्या टेकडीवर गेलों. तेथें हिरव्या उतारावर पांढऱ्या खडूचा, सुमारें ११० मीटर लांबीचा घोडा कोरलेला आहे. वय सुमारें तीन हजार वर्षें. त्याच्यावर माणसांनीं वेळोवेळीं नवा खडू ठोकून भरला नाहीं, तर गवत त्यास गिळून टाकील. हें सांगतां सांगतां आमचीच जीभ जड झाली, आणि मुलें दूर खेळत असतां आम्हीं सर्व सांगून टाकलें.

२०१६ सालीं ही गाडी आम्हीं साडेसात हजार पौंडांस घेतली, ती रंगाच्या झळाळीवर भाळून. हिला वेगळा सांगाडा नाहीं. पत्र्याचें अंग हाच सांगाडा, आणि दाराखालची पोकळ पोलादी पट्टी हा त्याचा कणा. हिंवाळ्यांत रस्त्यांवर टाकलेलें मीठ आणि आंत सांचलेलें पाणी यांनीं ती पट्टी कुजली होती. पुढच्या वर्षीं कापून, नवा पत्रा जोडून घेण्यास चार हजार दोनशें पौंड लागले. ते पैसे दिवाळीस पुण्यास येण्याच्या तिकिटांसाठीं ठेवलेले होते. घरीं मात्र आम्हीं कळविलें, "काम फार आहे." नानांची ती शेवटची दिवाळी ठरली.

मातोश्री बराच वेळ घोड्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाना कोणाला फोन करूं देईनात. म्हणाले, पोराचें काम आहे, त्याला त्रास देऊं नका."

आम्ही म्हणालों, "आई, ही गाडी आतां विकूनच टाकतों."

"विकून काय होणार? एवढी जपलीस, तर जप. पण पुन्हां खोटें सांगूं नकोस."

परत निघतांना गाडी पहिल्या फेऱ्यांतच सुरू झाली. ऊन कलल्यावर वारा बोचूं लागला, म्हणून आम्हीं कापडी टप चढविला. त्याखालीं दोघेंहि फारसें बोललों नाहीं.

गाडी अजून दाराशीं आहे, व पुढील महिन्यांत तिच्या ब्रेकचें काम निघणार आहे. जुन्या गाडीची किंमत विकणारा सांगतो ती नव्हे. ती पुढें हप्त्याहप्त्यानें, आणि कधीं कधीं पैशाखेरीज दुसऱ्या नाण्यांत द्यावी लागते. आमच्या खर्चाच्या वहींत आतां पहिल्या ओळींत पुण्याचीं तिकिटें असतात; गाडी त्याखालीं.