बागेची सुरुवात ओट्यापासून

परसबागेच्या वर्गाला येणारी मंडळी पहिल्याच दिवशी विचारतात, "कुंड्या कुठून घ्यायच्या? माती कुठली चांगली?" उद्यानविद्या शिकले आणि पुढे तीच शिकवत आले, त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं असतं. आधी आठवडाभर स्वतःच्या ओट्याकडे बघा. काय टाकलं जातं, काय आणून निम्मं सुकतं, ऐन फोडणीच्या वेळी कशावाचून अडतं, ते टिपून ठेवा. बागेत काय लावायचं ते तुमचं स्वयंपाकघरच सांगेल.

म्हणून बाल्कनीत कोबी-फ्लॉवरच्या नादी लागू नये. गड्डा दोन-अडीच महिने कुंडी अडवतो आणि एका जेवणात संपतो. लावावं ते थोडं पण रोज लागणारं : कढीपत्ता, गवती चहा, पुदिना, मिरची. मिरची-टोमॅटोला निदान 6 तास ऊन हवं. पालेभाजी 3-4 तासांवरही भागवते. मेथीचं बी तर मसाल्याच्या डब्यातच असतं. रात्रभर भिजवून पेरलं की 3-4 आठवड्यांत भाजी खुडता येते. धणे मात्र आधी लाटण्याने हलकेच रगडायचे. एका धण्यात दोन बिया असतात. दोन फाकी झाल्या की उगवण चांगली होते.

कचऱ्याचं काम खतापासून नव्हे, तव्यापासून सुरू होतं. दोडका सोलला की शिरांचा हिरवा ढीग साठतो. त्या बारीक चिरून थोड्या तेलावर मंद आचेवर परतत राहायच्या. आधी पाणी सुटतं, मग वास बदलतो, शेवटी कडा तपकिरी होऊन त्या कुरकुरू लागतात. तीळ, सुकं खोबरं, लसूण, तिखट-मीठ घालून कुटलं की झाली चटणी. दुधीची सालंही अशीच सत्कारणी लागतात, कोथिंबिरीच्या काड्या वाटणात जातात. यातूनही उरेल ते खताला.

घरचं खत बिघडतं ते बहुधा पाण्यामुळे. भाजीच्या देठा-सालांत 85-90 टक्के पाणी असतं. नुसता ओला कचरा भरला की तो दबतो, हवा कोंडते आणि कुजका वास सुटतो. उपाय म्हणजे वाळका पालापाचोळा, ओल्याच्या दुप्पट आकारमानाने. जिवाणूंना नत्राच्या 25 ते 30 पट कर्ब लागतो. ओल्यात नत्र जास्त, पाचोळ्यात कर्ब. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर कर्ब कमी पडलाय असं समजावं. तयार खताला पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो, कारण तो निर्माण करणारे सूक्ष्मजीव दोन्हीकडे तेच असतात.

आता भांडी. फराळानंतर रिकामा होणारा 15 किलोंचा पत्र्याचा तेलाचा डबा टोमॅटो-मिरचीला उत्तम. बुडाला भोकं पाडायची, तळाशी नारळाच्या शेंड्या घालायच्या. नुसती माती भरू नये. ओली माती भरलेला डबा तिसेक किलोंच्या घरात जातो आणि गच्चीच्या स्लॅबला ते ओझं होतं. खत-पाचोळ्याचं मिश्रण भरलं तर वजन निम्म्याच्या आसपास येतं. पाणी गार करेनासा झालेला माठ झिरपसिंचनासाठी मातीत पुरण्यात अर्थ नाही, कारण क्षारांनी त्याची छिद्रं बुजलेली असतात. त्याला चार भोकं पाडून खताला लावावा. रंगाचे आणि कीटकनाशकांचे डबे मात्र कितीही धुतले तरी भाजीला वापरू नयेत.

पाण्याच्या बाबतीत कोकणातल्या मागीलदाराने फार पूर्वी धडा घालून दिलाय. तिथे न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळी पोसल्या जात. आजच्या डिटर्जंटचं पाणी तसं बिनधास्त सोडता येत नाही, त्यातले क्षार साठत जाऊन माती बिघडवतात. पण तांदूळ-डाळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं पाणी रोज हाताशी असतंच. कुंडीत अळू लावलं तर त्याचा मान पहिला.

बी राखायला शिकलं की हे चक्र पुरं होतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली; 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बाजारच्या संकरित वाणाचं बी धरलं तर पुढची पिढी मूळ झाडासारखी निघेलच असं नाही. गावरान वाणाचं निघतं. नवशिक्याने वाल, चवळी, मेथीपासून सुरुवात करावी, कारण यांचं परागीभवन बहुतेक स्वतःच्याच फुलात होतं. भोपळावर्गीय मात्र आपसात सहज मिसळतात. शेंग वेलीवरच वाळू द्यायची, दाणे सावलीत सुकवून कोरड्या राखेत ठेवायचे. राख ओल शोषते आणि भुंग्याला आत शिरू देत नाही.

जमाखर्च मांडला तर दहा-बारा कुंड्यांनी भाजीचं बिल फारसं उतरत नाही, हे मी वर्गात आधीच सांगून टाकते. उतरतं ते कचऱ्याच्या डब्याचं वजन. आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओलाच असतो. 2016 च्या घनकचरा नियमांनी तो वेगळा करणं बंधनकारक झालं, पण वेगळा केलेला कचरा गाडीत घालायचा की घरातच जिरवायचा, हे घरच ठरवतं. साधं राहणं म्हणजे नवीन काही आणण्यापूर्वी घरातलं पुरतं वापरून संपवणं, एवढाच माझ्या विषयाचा अर्थ.

दिवाळीनंतरची थंडी मेथी, पालक, मुळा, कोथिंबिरीची. तेव्हा माळ्यावरून निघालेले सगळेच डबे भंगारवाल्याला देऊ नका. एक ठेवून घ्या आणि भाऊबीज आटोपली की त्यात मेथी पेरा.