वर्ज्य पदार्थांची यादी आणि परतलेले वजन

साठी ओलांडलेली माणसे दवाखान्यातल्या वजनकाट्यावर उभी राहण्यापूर्वी चपला काढतात, चष्मा काढतात, खिशातल्या किल्ल्याही टेबलावर ठेवतात. काटा स्थिरावला की माझ्याकडे न पाहता म्हणतात, "मागे एकदा आठ किलो कमी केलं होतं हो, डॉक्टर. पुन्हा सगळं आलं." या वाक्यामागचा संकोच मी पंचवीसहून अधिक वर्षे ऐकत आले आहे. वाचकहो, आपणही कधी हे वाक्य उच्चारले असेल, तर प्रथम तो संकोच बाजूला ठेवा. एकदा उतरलेले वजन परत येणे हा चारित्र्याचा दोष नाही. वजन घटले की शरीर त्याला टंचाई समजते. भूक वाढवणाऱ्या संप्रेरकाचे प्रमाण वाढते, तृप्ती देणाऱ्याचे घटते, आणि विश्रांतीच्या वेळी खर्च होणारी ऊर्जाही थोडी आखडते. त्यात एखादे आजारपण, अस्थिभंग किंवा घरातला शोक आला, की चालणे थांबते आणि काटा पूर्वपदावर जातो.

उतारवयात मात्र यात एक अधिकची अडचण असते. कमी होताना चरबीबरोबर स्नायूही जातात. परत येते ती मुख्यतः चरबी. म्हणून दुसऱ्यांदा प्रयत्न करताना पहिल्या वेळचीच पद्धत अधिक कडकपणे राबवणे हिताचे नसते.

आधी प्रश्न: वजन खरेच कमी करायचे का?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण तो प्रथम विचारावा. भारतीयांसाठी शरीरवस्तुमान निर्देशांक २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे गेला की स्थूलता असे मानतात. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत असावा. हे आकडे सर्वसाधारण प्रौढांसाठी आहेत. पंच्याहत्तरीच्या, अशक्त, वारंवार तोल जाणाऱ्या माणसाला थोडे जास्त वजन फारसे अपायकारक नसते. त्याच्यासाठी स्नायू राखणे अधिक महत्त्वाचे. आणि कोणताही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून अधिक उतरले, कपडे सैल होऊ लागले, तर आनंद मानू नका. तपासणी करून घ्या. क्षय, थायरॉइडचा विकार, नियंत्रणाबाहेरची साखर किंवा कर्करोग यांची ती पहिली खूण असू शकते.

ज्यांना गुडघेदुखी, मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास आहे, त्यांना मात्र वजनात पाच टक्के घट झाली तरी लाभ होतो. गुडघ्याच्या संधिवातात शरीराचे एक किलो वजन उतरले, की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. दिवसभरातली पावले मोजा, म्हणजे या एका किलोची किंमत कळेल.

आमच्या घरातली यादी

माझ्या सासूबाई मालवणकडच्या, वय ७३. उंची १४९ सेंटिमीटर आणि गेल्या वर्षी वजन ७४ किलो. मधुमेह, रक्तदाब आणि दोन्ही गुडघ्यांचा संधिवात. काही वर्षांपूर्वी सकाळच्या चालण्याने त्यांनी नऊ किलो वजन कमी केले होते. पुढे मनगटाचे हाड मोडले, पडण्याची भीती बसली, आणि दोन जिने उतरणेच थांबले. आमच्या इमारतीला उद्वाहन नाही. चार महिने त्यांनी रस्ता पाहिला नव्हता. वजनाच्या आकड्यापेक्षा मला त्या बंद दाराची काळजी अधिक होती.

पुन्हा सुरुवात करू, असे ठरले तेव्हा त्यांनी एकच अट घातली, "माका उपाशी मात्र ठेवू नको." मग आम्ही दोघी बसलो आणि त्या काय खात नाहीत याची यादी केली. कोळंबी, कारण पंचावन्नाव्या वर्षी ती खाल्ल्यावर ओठ सुजले आणि श्वास लागला होता. त्यानंतर भीतीने सर्व मासे. दूध, कारण पोट फुगते. त्यापाठोपाठ दही आणि ताक. अंडे, कारण 'उष्ण पडते'. मसूर आणि चणे, कारण वात होतो. वांगे, कारण कोणीतरी सांगितले म्हणून. उरले काय? भात, पोळी, बटाटा, साबुदाणा आणि चहाबरोबरची बिस्किटे.

वाचकहो, हे दृश्य मी अनेक घरांत पाहिले आहे. ॲलर्जी एका पदार्थाची असते. भीतीपोटी दहा पदार्थ ताटातून उठतात, आणि उठतात ते बहुधा प्रथिनांचे. उरलेल्या पिष्टमय अन्नाने पोट लवकर रिकामे होते, भूक पुन्हा लागते, वजन वाढते आणि स्नायू झिजतात. अशा माणसाला "कमी खा" म्हणणे निरुपयोगी आहे.

'पित्त उठले' म्हणजे नेमके काय?

आपल्या भाषेत छातीत जळजळ झाली तरी 'पित्त' आणि अंगावर गांधी उठल्या तरी 'पित्त'च. वैद्यकीयदृष्ट्या या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. म्हणून यादीतल्या प्रत्येक पदार्थापुढे काय झाले, खाल्ल्यापासून किती वेळाने झाले आणि किती वेळा झाले, हे तीन तपशील लिहावेत.

खऱ्या ॲलर्जीत बहुधा काही मिनिटांपासून दोन तासांच्या आत गांधी, ओठ वा पापण्यांची सूज, उलट्या, घशात आवळल्यासारखे वाटणे, श्वास लागणे अशी लक्षणे दिसतात. दुधाने पोट फुगणे हे बहुधा दुधातली साखर न पचल्याने होते. ती ॲलर्जी नव्हे, आणि अशा पुष्कळ लोकांना दही-ताक सोसते. बांगडा किंवा कुपा हे मासे नीट थंड न ठेवल्यास त्यांत हिस्टामिन तयार होते, आणि ते शिजवल्यानेही जात नाही. असा मासा खाल्ल्यावर अंग लाल होणे, खाज येणे हा शिळ्या माशाचा दोष असतो, ॲलर्जी नव्हे. आणि रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल घेणाऱ्याचे ओठ वा जीभ सुजली, तर संशय ताटाइतकाच त्या गोळीवरही घ्यावा. वर्षानुवर्षे घेतलेल्या गोळीनेही असे होऊ शकते.

ॲलर्जीतज्ज्ञांकडे त्वचेची किंवा रक्तातील आयजीई ही चाचणी होते. तिचा अर्थ पूर्वेतिहासाशी जुळवूनच लावायचा असतो. शंभर-दोनशे पदार्थांची आयजीजी चाचणी करून हाती दिली जाणारी लांबलचक यादी अन्नाच्या ॲलर्जीचे निदान करत नाही. तिच्या आधारे ताट रिकामे करू नका. ज्या पदार्थाने पूर्वी श्वास लागला किंवा भोवळ आली, तो 'जरासा चाखून पाहू' म्हणून घरी कधीही खाऊ नये. तशी परीक्षा तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, रुग्णालयातच व्हावी.

सासूबाईंच्या बाबतीत कोळंबीची ॲलर्जी खरी ठरली. तिच्याबरोबर खेकडे, शेवंड आणि जवळाही कायमचे वर्ज्य. पण कवचधारी प्राण्यांची ॲलर्जी आणि माशांची ॲलर्जी वेगवेगळी असते. तपासणीनंतर तज्ज्ञांनी मासे खाण्यास हरकत नाही असे सांगितले. अठरा वर्षांनी त्यांच्या ताटात बांगडा आला. पहिला घास घेऊन त्या बराच वेळ गप्प बसल्या होत्या.

स्वयंपाकघरातली शिस्त

ॲलर्जी सांभाळायची ती ओट्यावर. आमच्याकडे मासे अशा कोळिणीकडून येतात जिच्या पाटीत कोळंबी नसते. बाहेर तळलेला मासा आणत नाही, कारण त्याच तेलात कोळंबी तळलेली असू शकते. ज्यांना शेंगदाणा चालत नाही, त्यांनी मराठी स्वयंपाकाकडे बारकाईने पाहावे. दाण्याचे कूट कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, खिचडीत आणि उपवासाच्या आमटीत न सांगता असते. घाण्याच्या शेंगदाणा तेलात प्रथिनांचा अंश राहतो, म्हणून तेही टाळावे. ज्यांना गव्हाची ॲलर्जी किंवा सिलिॲक विकार आहे, त्यांनी हिंगाची डबी वाचावी. बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते.

प्रथिनांचे उद्दिष्ट ज्येष्ठांसाठी योग्य वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १ ते १.२ ग्रॅम धरतात. सासूबाईंसाठी ते सुमारे ५५ ग्रॅम होते. एका अंड्यातून ६ ग्रॅम, ३० ग्रॅम कोरड्या डाळीतून सुमारे ७, शंभर ग्रॅम माशातून साधारण २० ग्रॅम प्रथिने मिळतात. न्याहारीला मुगाचे घावन आणि अंडे, दुपारी मासा किंवा उसळ आणि ताक, रात्री कुळथाची पिठी आणि भाजी असा क्रम बसला. भात बंद केला नाही, वाटीने मोजला. तेलाची बरणी ओट्यावरून हलवून दिवसाचे तेल सकाळीच वाटीत काढून ठेवले. एक छोटा चमचा तेल म्हणजे सुमारे ४५ कॅलरी, त्यामुळे उपासमार न करता बचत झाली. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रथिनांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

गोळ्या आधी, आहार नंतर

ही बाब काळजीवाहकांनी अधोरेखित करून ठेवावी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना जेवण घटवले, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. वृद्धांत तिची लक्षणे घामाऐवजी गोंधळ, चिडचिड किंवा पडणे अशी दिसतात. म्हणून आहार बदलण्यापूर्वीच आम्ही त्यांच्या मधुमेहतज्ज्ञांकडून गोळीची मात्रा ठरवून घेतली. वजन उतरते तसा रक्तदाबही उतरतो. उठताना डोळ्यांसमोर अंधारी आली, तर बसून आणि उभे राहून रक्तदाब मोजून घ्या. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी लांबलचक उपवास डॉक्टरांना न विचारता करू नयेत. कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये.

खाज आली की घरातली सर्दीची गुंगी आणणारी गोळी देणेही टाळा. तिने वृद्धांचा तोल जातो, लघवी अडते, गोंधळ वाढतो. आणि श्वास लागणे, आवाज बसणे, भोवळ ही लक्षणे दिसल्यास कोणत्याही गोळीची वाट पाहू नका. तज्ज्ञांनी ॲड्रेनालिनचे इंजेक्शन जवळ ठेवायला दिले असेल, तर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्या, रुग्णाला आडवे झोपवा, श्वास लागत असल्यास बसू द्या, आणि १०८ क्रमांकावर फोन करा. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांत या इंजेक्शनचा परिणाम कमी पडू शकतो. तज्ज्ञांना आपल्या सर्व गोळ्या दाखवून ठेवा.

खुर्चीपासून जिन्यापर्यंत

ज्याला चालता येत नाही त्याला 'रोज पाच किलोमीटर चाला' हा सल्ला क्रूर वाटतो. आम्ही खुर्चीपासून आरंभ केला. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीतून हातांचा आधार कमीत कमी घेत उठायचे, बसायचे. पहिल्या आठवड्यात पाच वेळा. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन दंडाचे व्यायाम. जेवणानंतर घरातल्या घरात सहा-सात मिनिटे फेऱ्या. स्नायूंना बळ देणारे व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस आणि तोल सांभाळण्याचे तीन दिवस, असे जागतिक आरोग्य संघटनेचेही ज्येष्ठांसाठी सांगणे आहे. छातीत दुखले, दम असह्य झाला, सांधा सुजला तर थांबायचे.

वजन पंधरा दिवसांतून एकदाच करायचे. ज्यांना हृदयाची दुर्बलता आहे, त्यांनी मात्र डॉक्टर सांगतील तसे रोज करावे. तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर ते साठलेले पाणी असते आणि त्याच दिवशी फोन करायचा असतो.

नऊ महिन्यांत सासूबाईंचे वजन साडेचार किलो उतरले. मध्ये गणपतीत एक किलो वाढले, एकदा तापात पंधरा दिवस व्यायाम बंद राहिला. गुडघे पूर्ण बरे झाले नाहीत आणि होणारही नाहीत. पण आता त्या कठडा धरून, सावकाश, दोन्ही जिने उतरतात आणि खालच्या बाकावर बसून भाजीवाल्याशी घासाघीस करतात.

काळजीवाहकांना

ताटावर पहारा देऊ नका. "हे कशाला खाल्लंत?" या प्रश्नाने खाणे थांबत नाही, लपून होते, आणि ॲलर्जी असलेल्या माणसाने लपून खाणे धोक्याचे. वृद्ध माणसाच्या हातून बरेच निर्णय आधीच निसटलेले असतात. उद्या काय शिजवायचे, हा तरी त्यांच्याकडे राहू द्या.

या आठवड्यात एवढेच करा. एका कागदावर चार रकाने आखा: न खाल्ला जाणारा पदार्थ, तो खाल्ल्यावर काय झाले, किती वेळाने, किती वेळा. कागदाच्या मागे चालू असलेल्या सर्व गोळ्यांची नावे लिहा, आणि पुढच्या भेटीला तो आपल्या डॉक्टरांपुढे ठेवा. वजनकाट्याचे काम त्यानंतर सुरू होईल.