अम्मीचा घडीचा फोन

बॅटरी फुगून अम्मीचा जुना फोन बंद पडला, तेव्हा आम्हा भावंडांना स्मार्टफोनच घ्यावासा वाटला. अम्मीने मात्र सांगितलं, "मला घडीचाच हवा. उघडला की बोलायचं, मिटला की बंद."

अम्मी कोकणातल्या घरात एकटी. आम्ही कुणी मुंबईत, कुणी आखातात. पावसाळ्यात वीज दिवसदिवस नसते. म्हणून आधी रेंज पाहिली. शेजाऱ्यांचे फोन घेऊन ओटीवर, माजघरात, विहिरीजवळ फिरलो. घरात जिओच टिकलं. जिओला टू-जी नाही, त्यामुळे फोर-जी फोनच घ्यावा लागला. रेंज कमी असेल तर फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी लवकर उतरते. म्हणजे या दोन्ही गोष्टी एकच.

शेवटी नोकियाचा २६६० फ्लिप घेतला. बॅटरी १४५० एमएएचची, काढून बदलता येणारी. बटणं मोठी. अडचणीच्या वेळी दाबायचं वेगळं बटणही आहे. त्यावर पहिला नंबर आमच्यापैकी कुणाचाच नाही, शेजारच्या खालाचा ठेवला. आम्ही फोन उचलू. पण दारात आधी त्याच पोहोचतील.