रीळ फिरतं की दोरा?

"रीळ? शिवणाच्या मशीनचं ना?" फोनवर धाकट्या बहिणीनं विचारलं.

"नाही गं, मासे पकडायचं. गोठलेल्या तळ्यावर बसून."

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "ताई, तू बरी आहेस ना?"

तिचं काही चुकलं नाही. आमचं माहेर रत्नागिरीचं. बाजारात कल्ला उचलून लाल आहे का बघायचं आणि घासाघीस करून मासा घरी आणायचा, एवढीच आम्हा बायकांची मासेमारी. खाडीवर गरवायला जायचे ते काका आणि भाऊ. पण गंमत अशी, की शिवणाच्या मशीननंच मला हे दुसरं रीळ निवडायला शिकवलं. आणि त्याआधी घरात जे झालं, त्याची टोचणी मनाला बरेच दिवस होती.

आम्ही अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहतो. इथे दहा एकरांहून मोठी तळीच ११,८४२ मोजलेली आहेत. थंडीत ती गोठतात, पण तळापर्यंत नव्हे. पाणी सर्वांत जड असतं ते ४ अंश सेल्सिअसला. ते खाली बसतं, बर्फ वर तरंगतो आणि त्या झाकणाखाली मासे आपले जिवंत राहतात. लोक मोठ्या गिरमिटानं बर्फात सहा-आठ इंच रुंद भोक पाडतात, बादली उलटी टाकून तिच्यावर बसतात आणि दोन-सव्वादोन फुटांच्या चिमुकल्या काठीनं गळ खाली सोडतात. गळाला वजनाचा एक बारीकसा मणी असतो, त्याला म्हणतात जिग. तो ज्वारीच्या दाण्याएवढा, नाहीतर फार तर वाटाण्याएवढा.

फेब्रुवारी २०२३ मधली गोष्ट. आमचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. शेजारच्या आजोबांबरोबर हे आणि तो तळ्यावर गेले, आणि हट्टानं मलाही नेलं. आजोबांनी पाण्याखाली एक छोटा कॅमेरा सोडला होता, त्यामुळे खाली काय चाललंय ते पडद्यावर दिसत होतं. ब्ल्यूगिल नावाचे तळहाताएवढे चपटे मासे येत, मुलाच्या जिगपाशी थबकत, न्याहाळत आणि पाठ फिरवून निघून जात. एक नाही, दोन नाही, सातवा-आठवा मासा गेला. आजोबांच्या गळाला मात्र मागून मासे लागत होते.

"धीर धर ना जरा! हात स्थिर ठेव. सारखी चुळबुळ, म्हणूनच पळतात ते," हे ओरडले. चार माणसांत. मुलगा काही बोलला नाही. काठी बर्फावर ठेवून हातमोज्यांत तोंड लपवून बसला. त्या हिवाळ्यात तो पुन्हा तळ्याकडे फिरकला नाही. काठी गॅरेजमध्ये फावड्यामागे गेली.

मी तेव्हा काही बोलले नाही, हे मला कबूल केलंच पाहिजे. उलट मलाही वाटलं, पोरगा चुळबुळ्या आहे खरा. रविवारच्या मराठी वर्गात "लक्ष कुठंय तुझं?" हे वाक्य मी स्वतः दर तासाला दोनदा तरी म्हणते.

पुढे त्याच वर्षी नवरात्राआधी मी एका ब्लाउजच्या बाहीवर मशीननं जरीचं काम करत होते. जरीचा दोरा सारखा पीळ खाऊन गुंतत होता, तुटत होता. चारदा सुई बदलली, ताण सैल केला, काही उपयोग नाही. मग आठवलं, की माझ्या मशीनला दोरा लावायच्या दोन जागा आहेत. एक आडवी. तिथे रीळ नुसतं पडून असतं आणि दोरा त्याच्या टोकावरून वेढे सोडत निघतो. दुसरी उभी खुंटी. तिथे दोरा ओढला की रीळ स्वतः गरगर फिरतं. रीळ उभ्या खुंटीवर लावलं आणि जर मऊपणे निघू लागली. कारण साधं आहे. रीळ थांबलेलं आणि दोरा टोकावरून निघतो, तेव्हा प्रत्येक वेढ्यागणिक दोऱ्याला एक पीळ बसतो. रीळ फिरलं, तर दोरा सरळ येतो. लहानपणी भावाच्या पतंगाची फिरकी मीच धरायची, तेव्हा हे हातानं माहीत होतं. फिरकी फिरू द्यायची. तिच्या टोकावरून मांजा ओढला की भाऊ डोक्यात टपली मारायचा.

बाही तशीच टाकून मी गॅरेजमध्ये गेले. मुलाची काठी काढली. तिच्यावरचं रीळ नेहमीच्या पद्धतीचं, ज्याला इथे स्पिनिंग रीळ म्हणतात. मूठ फिरवून पाहिली. मधली गुंडी जागच्या जागी, आणि तिच्याभोवती तारेची एक कमान फिरत दोरा गुंडाळते. म्हणजे माझी आडवी जागाच की! थोडा दोरा सोडून ढिला केला, तर त्यानं लगेच स्वतःभोवती वेढे घातले. जिग टांगलं, ते भोवऱ्यासारखं फिरायला लागलं. एकीकडे पाच-सात वेढे, मग उलटीकडे. माझे हातपायच गळाले. मासे पोराच्या चुळबुळीला नव्हे, या गरगर फिरणाऱ्या दाण्याला बिचकत होते.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजोबांना विचारलं. ते हसले आणि आपलं रीळ दाखवलं. इनलाइन रीळ. त्यात आपल्याकडच्या विहिरीच्या रहाटासारखं चाकच फिरतं, आणि दोरा त्याच्यावरून काठीच्या रेषेत सरळ सुटतो, सरळ गुंडाळला जातो. उन्हाळ्यात लांब फेकून ओढताना पीळ एवढा जाणवत नाही. पण बर्फाच्या भोकातून दोरा उभा टांगलेला असतो, जिग हलकं असतं आणि थंडीनं मंदावलेल्या माशाला न्याहाळायला वेळच वेळ असतो. ते म्हणाले, की काही जण दोऱ्यात फिरती कडी घालतात, पण इतक्या हलक्या जिगला ती धड फिरत नाही.

मग निवड माझ्याकडे आली. तीस-चाळीस डॉलरपासून कितीही महाग रिळं होती, आणि दुकानातली चकचकीत धातूची मांडणी बघून मला आपल्या भांड्यांच्या दुकानाची आठवण झाली. दिसायला सगळीच देखणी, पण घरी नेल्यावर बूड काळं कुणाचं होतं ते नंतर कळतं. मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे मुलाचा जाडा हातमोजा बरोबर नेला. मोजा घालून कळ दाबता आली पाहिजे. या रिळांना एक कळ असते; ती दाबली की चाक मोकळं सुटतं आणि जिग आपल्या वजनानं खाली जातं. ज्यांचं चाक जड, त्यांत हलकं जिग अर्ध्यातच लोंबकळत राहतं. मग दोरा हातानं ओढून सोडत बसावं लागतं.

दुसरं म्हणजे मूठ. आमचा मुलगा डावखुरा. काठी डाव्या हातात, म्हणजे मूठ उजवीकडे हवी. काही रिळांची मूठ बदलता येते, काहींची येत नाही, आणि खोक्यावर ते असं बारीक छापलेलं असतं की चष्मा लावूनही दिसू नये. तिसरा तो ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढायला लागला तर दोरा तुटण्याआधी सुटू देणारी चकती. दोरा बारीक, जेमतेम तीन पौंडांचा. तो हळूहळू ओढून बघायचा. सुळकन सुटला तर बरा, अडखळत धक्के देत सुटला तर परत ठेवून द्यायचा.

शेवटी दोन रिळं पसंत पडली. एक महागडं, एक मध्यम. विक्रेत्याला परत करण्याची मुदत विचारून दोन्ही घरी आणली आणि खवलेल्या नारळाच्या पिशवीशेजारी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली! फ्रीजर उणे १८ अंशांचा, तळ्यावर जानेवारीत कधीकधी त्याहून वाईट. सकाळी महागड्याची मूठ फिरेचना. आतलं वंगण तुपासारखं थिजलेलं. मध्यम किमतीचं हलकेच फिरलं. महागडं त्याच दिवशी परत गेलं. हे म्हणाले, "फ्रीजरमध्ये आणखी काय काय ठेवतेस?" पण त्यांच्या आवाजात चेष्टेपेक्षा नवल जास्त होतं.

एवढं करून मीच घोटाळा केला. नवा दोरा भरताना त्याची चकती टेबलावर आडवी ठेवली आणि भराभरा गुंडाळला. मग जिन्याच्या वरच्या कठड्यावरून जिग खाली दिवाणखान्यात सोडलं. बघते तर ते पुन्हा गरगर! डोक्यावर हात मारून घेतला. रीळ नवं, पण पीळ मीच भरून ठेवला होता. चकतीसुद्धा फिरायला हवी ना.

सगळा दोरा काढून टाकला. संध्याकाळी हे घरी आल्यावर नव्या चकतीत पेन्सिल घातली आणि दोन्ही टोकं यांच्या हातात दिली. "धरा. फिरू द्या." मुलगा समोर बसून मूठ फिरवत होता. फिरकी धरल्यासारखे हे अवघडून बसलेले. अर्धा दोरा गेल्यावर खाली बघतच म्हणाले, "त्या दिवशी मी उगाच ओरडलो रे. तुझा हात स्थिरच होता." मुलगा म्हणाला, "बाबा, पेन्सिल वाकडी झाली." बस, एवढंच. मी ओट्यापाशी गेले आणि विनाकारण नळ सोडला.

पण त्या वर्षी निसर्गानंच आमची परीक्षा घेतली. २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींतला सर्वांत उबदार ठरला. २९ डिसेंबर २०२३ ला उत्तरेकडच्या अपर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा सुटला आणि शंभराहून अधिक माणसं त्याच्यावर अडकली. सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं. इथला नियम सांगतो, की माणसानं चालायला किमान चार इंच नवा, स्वच्छ बर्फ हवा. पांढरा, भुसभुशीत बर्फ त्याच्या निम्म्या ताकदीचा. जानेवारीत थोडे दिवस तळं धरलं, पण मी जाऊ दिलं नाही. मुलगा रुसला. रोज शाळेतून आल्यावर जिन्यावरून जिग सोडून बसायचा. रुसला तर रुसू दे. रीळ बदलता येतं.

जानेवारी २०२५ मध्ये, संक्रांतीनंतरच्या शनिवारी, गिरमिटानं भोक पाडून बर्फ मोजला. दहा इंच. वर्षभर गुंडाळून पडलेल्या दोऱ्याला वेटोळ्यांची सवय लागते, म्हणून तो आधीच बदलला होता. पेन्सिल लावून, हे सांगायला नकोच. जिगही शिशाचं न घेता टंगस्टनचं घेतलं. ते आकारानं लहान असूनही चटकन खाली जातं. शिवाय पाण्यात पडलेलं शिसं लून नावाच्या पक्ष्याच्या पोटात जाऊन विष होतं. लून हा इथला राज्यपक्षी.

आजोबांनी कॅमेरा सोडला. मुलानं कळ दाबली. जिग खाली गेलं आणि गवंड्याच्या ओळंब्यासारखं स्थिर राहिलं. एक ब्ल्यूगिल आला. थबकला. यांनी काही बोलायला तोंड उघडलं होतं, मी त्यांच्या पायावर पाय दिला. माशानं नुसतं तोंड उघडून जिग आत ओढलं, गुळणी करावी तसं, आणि काठीचं टोक वाकलं.

खोल पाण्यातल्या मोठ्या माशाला हे रीळ नको, तेही सांगते. मुठीच्या एका फेऱ्यात चाकाचे जेमतेम अडीच-तीन फेरे होतात, मासा वर येईतो हात भरून येतो. वॉलायसाठी यांची जुनी काठीच बरी.

पाच मासे मिळाले. पहिला त्यानं परत सोडला, बाकीचे चार घरी आणले. हळद, तिखट, माहेरहून आलेलं कोकमाचं आगळ लावून, रव्यात घोळवून तळले. काटे बारीक आहेत, पण चव गोड. रात्री मी मशीनवर पडद्याला दुमड घालत होते, तर हे गॅरेजमधून आपली जुनी काठी घेऊन आले आणि माझ्या कात्रीशेजारी ठेवली.

"जरा बघ," म्हणाले, "हिच्या दोऱ्यालाही पीळ बसलाय वाटतं."